रोखता मोजायची मुंबईत, रांग लागायची यवतमाळात

रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थिरता अहवाल वर्षातून दोनदा निघतो. एक जूनमध्ये, एक डिसेंबरमध्ये. या अहवालात बँकांवर कागदोपत्री संकट आणून पाहिले जाते. ठेवीदार एकदम पैसे मागायला आले, कर्जरोख्यांचे भाव पडले, एखादी मोठी बँक बसली, तर बाकीच्या बँका तग धरतील काय, याचा हिशोब तेथे मांडलेला असतो. निष्कर्ष बहुतेक वेळा दिलासा देणारा असतो. देशाची बँकव्यवस्था भक्कम आहे, असे आपल्याला सांगितले जाते. असेलही. पण ही व्यवस्था म्हणजे नेमक्या कोणाच्या बँका? घाटंजीचा कापूस उत्पादक, झरी जामणीचा कोलाम मजूर, दारव्ह्याची बचत गटातली बाई ज्या बँकेच्या, ज्या पतसंस्थेच्या दारात उभी राहते, ती संस्था या हिशोबात आहे काय?

बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचे प्रकरण यवतमाळकरांना नवे नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले. खात्यात कितीही रक्कम असो, ठेवीदाराला काढता येणार फक्त ५,००० रुपये. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. कापसाची वेचणी ऐन भरात होती, वेचणाऱ्या बायांची मजुरी रोज चुकवावी लागते. (नोटाबंदीची घोषणाही ८ नोव्हेंबरचीच, बरोबर पाच वर्षे आधीची. आपल्या जिल्ह्याला ही तारीख काही मानवत नाही.) एक वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बँकेचा परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण देण्यात आले. ७९ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. ऑक्टोबर २०२२ च्या मध्यापर्यंत महामंडळाने २९४ कोटी ६४ लाख रुपये वाटलेही होते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली नसती, तर हे पैसे इतक्या लवकर मिळाले नसते. पूर्वी बँक अवसायनात निघेपर्यंत विम्याचा पैसा हलत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ च्या फेब्रुवारीत निर्बंध आले आणि तिच्या ठेवीदारांनी आठ-आठ वर्षे वाट पाहिली. आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम देण्याचे बंधन आहे. सुधारणा चांगलीच. पण हे ९० दिवस कोणी कसे काढायचे? आणि ज्या २१ टक्क्यांची रक्कम विम्यात पूर्ण बसत नाही, ते सगळे धनदांडगेच असतात, असे कोणी समजू नये. पतसंस्था आपला पैसा बँकेत ठेवते तेव्हा विम्याच्या दृष्टीने ती एकच ठेवीदार. तिचे हजार सभासद असोत की पाच हजार, सगळ्यांच्या वाट्याला मिळून पाच लाख. पतसंस्थेतल्या सभासदांच्या ठेवींना तर या महामंडळाचे संरक्षणच नाही. बँकेने बँकेत ठेवलेल्या पैशालाही नाही.

बुडालेली बँक आणि अडलेली बँक यात फरक असतो. बँकेची येणी तिच्या देण्यापेक्षा कमी झाली की ती बुडाली. येणी भरपूर आहेत, पण आज दुपारी दारात आलेल्या माणसाला द्यायला नगदी नाही, ती बँक अडली. शेतकऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही. घरात वीस क्विंटल कापूस पडलेला असतो आणि दवाखान्याला द्यायला पाचशे रुपये नसतात. यालाच बँकेच्या भाषेत रोखतेची जोखीम म्हणतात. अडलेली बँक वेळेत सावरली नाही तर ती बुडतेही, कारण मग ती मिळेल त्या भावात विकायला लागते. कापसाचेही तसेच होते.

ही जोखीम मोजण्याची एक जागतिक मोजपट्टी आहे. २००८ च्या अमेरिकेतल्या पडझडीनंतर ती तयार झाली. पुढच्या ३० दिवसांत संकट आले, तर बँकेतून जास्तीत जास्त किती पैसा बाहेर जाईल ते काढायचे. तेवढ्याच काळात लगेच विकून नगदी करता येईल अशी मालमत्ता बँकेकडे किती आहे ते पाहायचे. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा जास्त पाहिजे. भारतात हा नियम १ जानेवारी २०१५ पासून ६० टक्क्यांनी सुरू झाला आणि १ जानेवारी २०१९ पर्यंत १०० टक्क्यांवर नेला गेला. टाळेबंदीच्या काळात तो तात्पुरता ८० टक्क्यांवर आणला होता.

मात्र हा नियम व्यापारी बँकांना आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँक यांना तो लागू नाही. त्यांना रोख राखीव प्रमाण आणि वैधानिक रोखता प्रमाण पाळावे लागते, काहींना मुदतीच्या ताळमेळाची विवरणपत्रेही भरावी लागतात. स्थिरता अहवालात नागरी बँकांची रोखता-चाचणी असते, पण ती निवडक मोठ्या बँकांची. जिल्हा बँका आणि पतसंस्था त्यात नसतात. लहान संस्थेने व्यवस्थेला धोका होत नाही, हा त्यामागचा विचार. अमेरिकेनेही असाच विचार करून मधल्या आकाराच्या बँकांना या नियमातून सूट दिली होती. मार्च २०२३ मध्ये त्यांच्यापैकीच सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर मागितले आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. सूट मिळाली होती ती व्यवस्थेला धोका नाही म्हणून. वाचवायला सरकार धावले ते व्यवस्थेला धोका आहे म्हणून! यवतमाळच्या बँकेसाठी असे कोणी धावत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता या मोजपट्टीचे पोट उघडून पाहू. तिच्यात किरकोळ ठेवीदारांबद्दल असे गृहीत धरले आहे की संकटाच्या महिन्यात शंभर रुपयांपैकी पाच ते दहा रुपये जातील. एकाच वेळी सगळ्यांना पैशाची गरज पडत नाही, हा अनुभव त्यामागे आहे. शहरात तो खरा आहे. मास्तर, दुकानदार, रिक्षावाला, सरकारी नोकर यांच्या गरजा वेगवेगळ्या दिवशी येतात. एकाने काढले तर दुसरा भरतो. यवतमाळात मात्र मृग लागला की सगळ्यांनाच पैसा पाहिजे. बियाणे, खत, मुलांच्या शाळेची फी, नांगरटीचे ट्रॅक्टरचे भाडे, सारे एका पंधरवड्यात. शेतकऱ्याला पाहिजे, त्याच्याकडे उधारी असलेल्या कृषी केंद्रवाल्याला पाहिजे, पाऊस लांबला तर मजुरालाही पाहिजे, कारण त्याची मजुरी बंद. ठेवीदारही कापसाचा, कर्जदारही कापसाचा, बँकेच्या संचालकाची जिनिंगही कापसाची. एक पाऊस हुकला की ठेवी काढणारे वाढतात आणि कर्ज फेडणारे कमी होतात, दोन्ही एकदम. एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने मोबाइल आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या ठेवींसाठी अडीच टक्के जादा तरतूद सांगितली, कारण मोबाइलवर पैसा चटकन पळतो. मोबाइलचा विचार झाला, मृगाचा कधी होणार?

वसुलीचे आकडेही जसेच्या तसे घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचे 'नवे-जुने' होते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. मुदत संपत आली की शेतकरी चार दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे आणतो, जुने कर्ज भरतो, लगेच नवे उचलतो आणि ज्याचे त्याला परत देतो. बँकेच्या कागदावर वसुली झाली, वाटपही झाले. प्रत्यक्षात गल्ल्यात एक रुपया वाढला नाही. ही वसुली संकटाच्या महिन्यात 'येणारा पैसा' म्हणून धरली, तर हिशोब फसणारच. एकाधिकार कापूस खरेदी योजना होती तेव्हा चुकाऱ्यातूनच कर्ज कापून घेतले जाई. त्या योजनेच्या अनेक पापांबद्दल लिहिता येईल, पण बँकेला पैसा परत येण्याची एक वाट तिच्यात होती. ती वाट मोडली आणि तिच्या जागी दुसरी झाली नाही.

संकट आल्यास काय होईल, हे शोधायला आपल्याला काल्पनिक चाचणी घेण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या जिल्हा बँकांची खरी चाचणी २०१६-१७ मध्ये झाली आहे. १० नोव्हेंबर २०१६ ला बँका उघडल्या आणि जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घेतल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने त्यांना मनाई केली. या चार-पाच दिवसांत राज्यातल्या जिल्हा बँकांकडे सुमारे २,७७० कोटी रुपयांच्या नोटा जमा झाल्या होत्या. त्या तिजोरीत होत्या, हिशोबात होत्या, ठेवीदाराला त्यावर व्याज द्यावे लागत होते आणि तरी तो पैसा नव्हता. या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची परवानगी केंद्राने दिली २० जून २०१७ रोजी. म्हणजे सात महिन्यांनी.

मधल्या काळात काय काय झाले ते पाहा. मार्चअखेर वसुलीचा हंगाम आला, पण कर्जमाफीची चर्चा सुरू झालेली. माफी होणार असेल तर फेडायचे कशाला, असे शेतकऱ्याने म्हटले तर त्यात त्याचा दोष नाही. कोणीही तेच म्हणेल. १ जूनपासून पुणतांब्याचा शेतकरी संप झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारने थकबाकीदार शेतकऱ्यांना पेरणीसाठी १०,००० रुपयांची तातडीची उचल द्यायला बँकांना सांगितले. २४ जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. सरकारने जाहीर केली त्या दिवशी, पैसा पाठवला त्यानंतर कितीतरी दिवसांनी. तिजोरीत मेलेल्या नोटा, वसुली थांबलेली, आणि वरून हुकूम की वाटप करा! या तीन गोष्टी एका जून महिन्यात एकत्र आल्या. कोणत्याही स्थिरता अहवालात असे संकट कल्पनेनेही मांडलेले नव्हते. ते वरून आलेल्या तीन निर्णयांनी घडवले. अर्थतज्ज्ञ ज्याला 'बाहेरून आलेला धक्का' म्हणतात तो मुंबई-दिल्लीच्या कचेरीतून आला होता. ८ नोव्हेंबरला आधीच तिजोरीत असलेल्या जुन्या नोटांचे तर आणखी वाईट झाले. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांच्या अशा सुमारे ११२ कोटींच्या नोटा स्वीकारायला नकार मिळाला. त्या आठांत विदर्भातल्या नागपूर, वर्धा आणि अमरावतीच्या बँका होत्या.

आणि या धक्क्याची किंमत कोण मोजतो? सोसायटीने कर्ज नाकारले की शेतकरी कृषी केंद्राच्या उधारीवर जातो, तेथे बियाण्याच्या किमतीतच व्याज असते. तेथे भागले नाही की सावकाराची सवाई-दिढी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो तर सोसायटीचा कर्जदारच होऊ शकत नाही. आपला भूमिहीन समाज, पारधी, कोलाम, बांधावरचा मजूर या व्यवस्थेत येतो तो फक्त ठेवीदार म्हणून. कर्ज देताना त्याची पत नाही, निर्बंध लागले की मात्र त्याच्याही खात्याला तेच कुलूप. बँक अडचणीत आहे ही बातमी आधी कोणाला कळते? संचालकाला, त्याच्या सोयऱ्याला, मोठ्या व्यापाऱ्याला. रांग लागते तेव्हा पुढचे लोक आधीच निघून गेलेले असतात.

कागदावरची रोखता आणि खरी रोखता यातले अंतर किती असू शकते, हे शेजारच्या नागपूर आणि वर्धा जिल्हा बँकांनी २००२ मध्येच दाखवले आहे. सुरक्षित म्हणून ज्या सरकारी रोख्यांत पैसा गुंतवला असे पुस्तकात लिहिले होते, ते रोखे होम ट्रेडसारख्या दलालांकडून हाती आलेच नाहीत. एकट्या नागपूर बँकेचे सुमारे दीडशे कोटी गेले. या प्रकरणात न्यायालयाने तत्कालीन अध्यक्षांसह काहींना शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी. त्यावर वरच्या न्यायालयात दाद मागण्यात आली. दरम्यान २०१२ मध्ये नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही बँकांना नव्या ठेवी घ्यायला बंदी झाली. २०१४ मध्ये देशातल्या परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटींची पुनरुज्जीवन योजना आली, तिच्यात या तिघी होत्या. यवतमाळची जिल्हा बँक त्या यादीत नव्हती. पण शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आपल्या भिंती तपासायच्या असतात.

भिंती कशा तपासायच्या? येथे एक साधे गणित मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, कोणत्याही संस्थेचे नाहीत. समजा एका पतसंस्थेत १० कोटींच्या ठेवी आहेत, त्यातले २ कोटी तिने नागरी बँकेत ठेवले. नागरी बँकेत एकूण १०० कोटी ठेवी; तिची २० कोटींची रोखता, त्यातले १२ कोटी जिल्हा बँकेत आणि ८ कोटी सरकारी रोख्यांत. जिल्हा बँकेत ५०० कोटी. तिची रोखता १०० कोटी, पैकी ६० कोटी राज्य सहकारी बँकेत आणि ४० कोटी रोख व रोख्यांत. तिघींना वेगवेगळे विचारा. प्रत्येकजण सांगेल, माझ्याकडे शंभराला वीस आहेत. बेरीज केली तर १२२ कोटी. आता एकमेकींकडे ठेवलेले १४ कोटी वजा करा, कारण संकटात तो पैसा दोघी एकदम मोजू शकत नाहीत. राहिले १०८. आणि एखाद्या महिन्यात वरच्या बँकेतले ६० कोटीही अडकले तर? राहिले ४८ कोटी, आणि समोर जनतेच्या ५९६ कोटींच्या ठेवी. शंभराला आठ! कोणतीही संस्था खोटे बोलली नाही, प्रत्येकीचे विवरणपत्र बरोबर होते, आणि जिल्ह्याची रोखता विसाची आठ झाली.

हे नुसते कागदी भय नाही. २००१ च्या मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँक बसली. तिने शेअर दलालाला पैसा दिला होता. गुजरातेतल्या अनेक नागरी बँकांनी आपली शिल्लक तिच्याकडे ठेवलेली असल्यामुळे त्या दलालाशी काही संबंध नसलेल्या गावोगावच्या बँकाही अडचणीत आल्या. त्यानंतरच रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांना रोखतेचा पैसा सहकारी बँकांऐवजी सरकारी रोख्यांत ठेवायला टप्प्याटप्प्याने भाग पाडले.  पतसंस्थेपासून राज्य बँकेपर्यंतची उतरंड तशीच आहे.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात आणि पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे जो मुद्दा मांडला, तो येथे आठवतो. सरकारी पक्ष सांगत होता की रुपयाचा विनिमय दर स्थिर आहे, म्हणजे चलन ठीक आहे. बाबासाहेबांचे म्हणणे असे की त्या रुपयाने देशातल्या बाजारात काय मिळते ते आधी पाहा. मोजपट्टी कोठे लावायची, यावर उत्तर ठरते. लंडनच्या टोकाला लावली तर एक उत्तर येते आणि मजुराच्या टोकाला लावली तर दुसरे.

जिल्ह्याच्या टोकाला मोजपट्टी लावायला नवे खाते उघडावे लागणार नाही. नागरी बँकांची माहिती रिझर्व्ह बँकेकडे आहे. जिल्हा बँकेची तपासणी नाबार्ड करते. पतसंस्थांचे आकडे जिल्हा उपनिबंधकांकडे असतात. तीन टेबलांवर तीन फायली, आणि त्यांची बेरीज करणारा कोणीच नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या सल्लागार समितीची तिमाही बैठक होते. तेथे पीककर्जाचे उद्दिष्ट किती गाठले, ठेवींच्या किती टक्के कर्ज दिले, यावर वाद होतात, बँक अधिकाऱ्यांना झापले जाते, फोटो छापून येतात. त्याच बैठकीत मागच्या दहा वर्षांतल्या मे ते जुलै आणि दिवाळीच्या आठवड्यांत प्रत्यक्ष किती रक्कम काढली गेली, ते मांडता येईल. एकमेकांकडच्या ठेवी वजा करून जिल्ह्याबाहेरून लगेच आणता येईल असा पैसा किती, वसुलीतले नवे-जुने किती, आणि प्रत्येक संस्थेत पहिल्या वीस ठेवीदारांचा वाटा किती, हेही. २०१७ सारखा जून पुन्हा आला असे धरून, नाबार्डने आधीच किती रक्कम हाताशी ठेवावी, हा आकडा त्यातून निघेल. कर्जमाफी जाहीर करणाऱ्या सरकारलाही तो दाखवता येईल: घोषणा आज करता ना, मग बँकेचा पैसा कोणत्या तारखेला देता?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. असे आकडे बाहेर आले तर घबराट माजेल, चांगल्या बँकेवरही लोक तुटून पडतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. अफवेने धडधाकट बँक बसू शकते, हे खरे. म्हणून एकेका संस्थेचा आकडा छापू नका, जिल्ह्याची बेरीज छापा. आणि घबराटीची काळजी करणाऱ्यांनी हेही सांगावे की आज गुप्तता कोणाच्या उपयोगी पडते. आत बसलेल्यांना आकडे आजही माहीत आहेत. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, तेव्हा १२२ कोटींच्या अपहाराचा आरोप पुढे आला. सकाळी रांगेत आलेल्या पेन्शनरांना आदल्या दिवशीपर्यंत काहीच माहीत नव्हते. त्या बँकेला सहा महिन्यांत सारस्वत बँकेने पोटात घेतले. यवतमाळात असे पोटात घ्यायला कोणती मोठी बँक रांगेत उभी आहे?

खरीप कर्जवाटपाची तयारी मार्चपासून सुरू होते. त्याआधीच्या सल्लागार समितीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका निघेल तेव्हा तिच्यात हा विषय घालून घेण्याचे काम जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींचे आहे. त्यातले कितीजण एखाद्या बँकेचे किंवा पतसंस्थेचे संचालक आहेत, ते मतदारांनीच मोजावे.